बसायचं कुठे, डॉक्टरकाका?

गेल्या महिन्यातली गोष्ट. रात्रीचे सव्वानऊ वाजले होते. दवाखान्याचे शटर अर्धे खाली ओढून झाले होते. तेवढ्यात एक बाई वाकून आत आल्या आणि म्हणाल्या, "काका, पाचच मिनिटं. आमचं आत्ताच सुटलं." आवाज ओळखीचा वाटला. पाहतो तो, लहानपणी जिच्या गोवरावर मी औषध दिले होते तीच मुलगी. आता वय अठ्ठावीस, पदरी एक चार वर्षांचा मुलगा. आपल्याच गावातल्या एका मोठ्या मार्टमध्ये बिलाच्या काउंटरवर नोकरीला आहे. तिचे नाव आणि मार्टचे नाव इथे सांगत नाही. कारण उघड आहे. सांगितले तर उद्या तिची नोकरी राहणार नाही.

तक्रार जुनीच होती. लघवीला जळजळ, ओटीपोटात दुखणे, अंगात कणकण. मी केसपेपर काढला. सहा महिन्यांतली ही तिसरी वेळ. दोन्ही वेळा मी अँटिबायोटिक दिले होते, 'भरपूर पाणी प्या' असे लिहिले होते आणि पुढच्या पेशंटला हाक मारली होती. या खेपेला तिने आणखी एक गोष्ट दाखवली. साडीची कड जरा वर घेतली, तर दोन्ही घोट्यांवर सूज, आणि डाव्या पोटरीवर निळ्या शिरा दोरीसारख्या वर आलेल्या.

मी सवयीने म्हणालो, "अगं, पायाला विश्रांती दे. मधूनमधून बसत जा."

ती हसली. म्हणाली, "बसायचं कुठे, डॉक्टरकाका? काउंटरला खुर्चीच नाही. नुसतं टेकलं तरी वरच्या कॅमेऱ्यात दिसतं, आणि लगेच सुपरवायझर येतो."

खरे सांगतो, मला उत्तर सुचले नाही. शटर तसेच ठेवले आणि समोरच्या खुर्चीवर तिला बसवून पहिल्यांदाच तिच्या दिवसाची चौकशी केली.

एक दिवसाची हकिकत

सकाळी साडेनऊला हजर व्हायचे. उशीर झाला तर अर्ध्या दिवसाचा पगार जातो. रात्री नऊला सुट्टी. मधे जेवायला अर्धा तास, तोही गर्दी नसेल तेव्हा, म्हणजे कधी दोन, कधी चार. बाकीचे अकरा तास उभे. लघवीची सोय मागच्या गोडाऊनमध्ये आहे, पण किल्ली सुपरवायझरकडे. तो पुरुष. त्याच्याकडे दिवसातून चार वेळा किल्ली मागायची लाज वाटते, म्हणून ती सकाळी अकरानंतर पाणीच पीत नाही. आठवड्याला एक सुट्टी आहे, पण दिवाळीच्या दिवसांत तीही रद्द होते. गल्ल्यात पैसे कमी भरले तर पगारातून कापतात. पगार महिना ९,५०० रुपये.

वाचकहो, हा हिशेब आपणही करून पाहा. अकरा तासांप्रमाणे सव्वीस दिवसांचे २८६ तास होतात. म्हणजे तासाला जेमतेम ३३ रुपये. आणि त्यातले चारशे-पाचशे रुपये दर दोन महिन्यांनी माझ्याकडे आणि औषधाच्या दुकानात जातात.

पाय का सुजतात?

शेतकरी वाचकांना हे चटकन समजेल. विहिरीवर मोटर बसवली की पाइपाच्या तळाला फूटव्हॉल्व्ह लागतो. तो वर गेलेले पाणी खाली येऊ देत नाही. फूटव्हॉल्व्ह गळका झाला की पाइप रिकामा होतो. आपल्या पायांच्या शिरांतही अशाच लहान लहान झडपा असतात. हृदय रक्त पायापर्यंत ढकलते, पण ते परत वर आणायला पोटरीचे स्नायू मोटरीचे काम करतात. आपण चालतो तेव्हा पोटरी आवळते, शिरा दाबल्या जातात आणि रक्त वर चढते. झडपा ते खाली येऊ देत नाहीत.

माणूस एका जागी उभा राहिला की ही मोटर बंद. रक्त पायात साठते, शिरांवर ताण येतो, पाणी बाहेर झिरपून घोटे सुजतात. वर्षानुवर्षे असे झाले की शिरा फुगतात, झडपा गळू लागतात. पुढे घोट्याच्या आतल्या बाजूची कातडी काळवंडते, खाज सुटते आणि कधी अशी जखम होते की महिनोन्महिने भरत नाही. घराण्यात हा विकार असेल, वजन जास्त असेल किंवा एक-दोन बाळंतपणे झाली असतील, तर धोका वाढतो. दिवसभर चालणाऱ्या पोस्टमनपेक्षा दिवसभर उभ्या राहणाऱ्या माणसाचे पाय लवकर सुजतात ते याच कारणाने. शिवाय टाच दुखणे आणि कंबर धरणे हे वेगळेच.

लघवीचेही तसेच. पाणी कमी प्यायले आणि लघवी तुंबवून ठेवली की मूत्राशयात जंतू वाढायला निवांत वेळ मिळतो. बाईमाणसाचा मूत्रमार्ग आखूड असल्याने तिला हा त्रास लवकर होतो. मी तीन वेळा जंतू मारले असते आणि ते चौथ्यांदा आले असते. कारण रोगाचे मूळ तिच्या पोटात नव्हते, ते त्या किल्लीत होते.

हा प्रश्न जुना आहे

दुकानात उभे राहणाऱ्या बायांचे हे दुखणे आजचे नाही. इंग्लंडमध्ये १८९९ साली यासाठी खास कायदा झाला. दुकानातल्या दर तीन स्त्री कामगारांमागे निदान एक बैठक ठेवावी, असे त्यात होते. आपल्याकडे १९४८ च्या कारखाना कायद्यात, उभ्याने काम करणाऱ्या कामगारांना संधी मिळेल तेव्हा बसता यावे म्हणून सोय करावी, असे लिहिले गेले. पण कारखान्याचा कायदा दुकानाला लागत नव्हता.

मग केरळात कोझिकोडच्या एस. एम. स्ट्रीट या पेठेत कापडदुकानांतल्या बाया एकत्र आल्या. शिवणकाम करणाऱ्या पी. विजी या बाईंनी 'पेणकूट्टु' नावाची संघटना उभी केली. मागण्या दोनच मोठ्या होत्या : लघवीला जाऊ द्या आणि बसू द्या. अनेक वर्षांच्या खटपटीनंतर २०१८ मध्ये केरळ सरकारने दुकान कायद्यात बसण्याचा हक्क घातला. २०२१ मध्ये तामिळनाडूने तसेच केले.

आपल्या महाराष्ट्राला तर हा विषय परका नाहीच. मुंबईच्या गिरणी कामगारांना १८९० मध्ये रविवारची सुट्टी मिळाली ती नारायण मेघाजी लोखंडे यांच्या प्रयत्नांनी. तेव्हाही सुट्टी मागणाऱ्यांना आळशी म्हणणारे होतेच.

राज्याच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात दहा किंवा अधिक कामगार असलेल्या दुकानांसाठी दिवसाला नऊ तास, आठवड्याची सुट्टी, मधली विश्रांती, पिण्याचे पाणी, स्वच्छतागृह आणि जादा तासांना दुप्पट दराने पगार अशा तरतुदी करण्यात आल्या. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने नऊ तासांचे दहा करण्यास आणि ही मर्यादा वीस किंवा अधिक कामगारांच्या दुकानांना लावण्यास मंजुरी दिली. आता दहा तासांचा दिवस धरला तरी या मुलीचा एक तास रोज जादा होतो. दुप्पट दराने त्याचे महिन्याला १,९०० रुपये होतात. नऊ तास धरले तर ४,२०० च्या वर जातात. तिला यातला एक रुपयाही मिळालेला नाही, आणि तो मागायचा असतो हेही तिला माहीत नव्हते.

मालकाची बाजू

त्या मार्टचे मालकही माझे पेशंट आहेत. ब्लडप्रेशर तपासायला आले तेव्हा, कोणाचेही नाव न घेता, मी विषय काढला. ते म्हणाले, "डॉक्टर, बसलं की आळस येतो. आणि गिऱ्हाईक समोर उभं असताना आपण बसणं बरं दिसत नाही."

मी म्हणालो, "शेठ, तुमचे वडील पेठेतल्या दुकानात आयुष्यभर गादीवर बसून धंदा करत होते. गिऱ्हाईक कधी रुसलं का?"

ते हसले. "बघतो," म्हणाले.

त्या दिवशी त्यांना निरोप देऊन मी बाहेरच्या खोलीत आलो आणि ओशाळलो. माझ्या स्वतःच्या दवाखान्यात औषधांच्या खिडकीशी एक मुलगी काम करते. सकाळी चार तास, संध्याकाळी चार तास. तिच्या खिडकीपाशी स्टूल नव्हते. सहा वर्षांत मला ते दिसले नव्हते. दुसऱ्याच दिवशी बाजारातून पाठ असलेले उंच स्टूल आणले. साडेसहाशे रुपये पडले. एवढ्याच रकमेसाठी मी सहा वर्षे तिला उभे ठेवले होते.

काय करावे?

उभ्याने काम करणाऱ्यांनी दर अर्ध्या तासाने टाचा वर-खाली कराव्यात, वीस-पंचवीस वेळा. याने पोटरीची मोटर चालू राहते. पायाखाली लहान पाट ठेवून कधी एक, कधी दुसरा पाय त्यावर ठेवावा. सपाट पातळ चपलेऐवजी जाड मऊ तळाचे पायताण वापरावे. घरी गेल्यावर पंधरा-वीस मिनिटे पाय उशीवर, छातीपेक्षा उंच ठेवावेत. शिरा फुगल्या असतील तर औषधाच्या दुकानात 'स्टॉकिंग' म्हणून घट्ट लवचीक मोजे मिळतात. मात्र मधुमेह असेल किंवा चालताना पायात गोळे येत असतील, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते घालू नयेत.

पाणी थोडे थोडे दिवसभर प्यावे. तीन-चार तासांपेक्षा जास्त लघवी रोखू नये. थंडी वाजून ताप आला आणि बरगडीखाली पाठीत दुखू लागले, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. एकच पाय अचानक सुजला, गरम लागला, दुखू लागला किंवा त्याबरोबर दम लागला, तर थेट मोठ्या रुग्णालयात जावे. शिरेत गुठळी झाल्याची ती खूण असू शकते.

कामावर किती वाजता आलो आणि किती वाजता सुटलो, हे रोज एका वहीत लिहून ठेवावे. किमान वेतनाला दुकानात किती माणसे आहेत याची अट नसते. त्याचे दर जिल्ह्याच्या कामगार कार्यालयात कळतात. एकटीने बोलायची भीती वाटत असेल, तर चौघींनी मिळून विचारावे.

आणि आपण गिऱ्हाइकांनी? रात्री नऊला पाच मिनिटे कमी असताना साखरेच्या पुड्यासाठी दुकानात शिरू नये. काउंटरवरची मुलगी बसून बिल करत असेल, तर तिला उद्धट समजू नये.

परवा ती पुन्हा येऊन गेली. चौघींनी मिळून मालकांना गाठले होते. दोन काउंटरमागे आता एक स्टूल आले आहे, पाळीपाळीने बसतात. किल्ली खिळ्याला अडकवली आहे, कोणाला मागावी लागत नाही. घोट्याची सूज कमी आहे, लघवीची तक्रार नाही. तास मात्र अजून अकराच आहेत आणि पगारही तेवढाच. तिने वही घातली आहे. त्यात पहिल्या महिन्याची पाने भरली आहेत.

मीही एक बदल केला आहे. केसपेपरवर नाव आणि वय यांच्या खाली आता एक ओळ जास्त असते : रोज किती तास उभे? आपण कोणत्याही डॉक्टरकडे गेलात आणि त्यांनी हे विचारले नाही, तर आपण होऊन सांगावे.