आजींचे डोळे चालतील का?

नेत्रपेढीला फोन करणारे नातेवाईक हमखास विचारतात, "आजी ऐंशीच्या होत्या, मोतिबिंदूचं ऑपरेशनही झालं होतं. त्यांचे डोळे चालतील का?" चालतात. दानाला वयाची अट नाही. निवड नंतर होते.

तंत्रज्ञ सहा तासांच्या आत पोहोचायला हवा. तोवर पंखा बंद, पापण्या मिटलेल्या, त्यांवर ओला कापूस, डोक्याखाली उशी. रोपणाला लागतं ते पारपटल, म्हणजे बुबुळापुढची जेमतेम अर्धा मिलिमीटर जाडीची पारदर्शक चकती. ती भोवतालच्या पांढऱ्या कडेसकट काढून द्रावणाच्या बाटलीत ठेवतात.

निकाल लागतो स्पेक्युलर मायक्रोस्कोपखाली. पारपटलाच्या आतल्या अंगाला पेशींचा एकच थर असतो, मधाच्या पोळ्यासारखा षटकोनी. आत झिरपणारं पाणी सतत उपसून पारपटल स्वच्छ ठेवणं हे त्याचं काम. या पेशी मेल्या की नव्या येत नाहीत. शेजारच्या पसरून जागा भरतात, मग मायक्रोस्कोपच्या पडद्यावर लहानमोठ्या, वेड्यावाकड्या आकृत्या दिसतात. नजर परत आणायची असेल तर चौरस मिलिमीटरमागे साधारण 2000 पेशी तरी हव्यात.

1905 साली मोराव्हियात एडुआर्ड झिर्म यांनी पारपटलाचं पहिलं यशस्वी रोपण केलं, ते चुन्याने डोळे भाजलेल्या मजुरावर. पारपटल आलं होतं 11 वर्षांच्या जिवंत मुलाच्या, इजेमुळे काढाव्या लागलेल्या डोळ्यातून! मृतांचे डोळे वापरण्याची वाट ओडेसाच्या फिलातोव्ह यांनी 1930च्या दशकात रुळवली.

तरीही म्हाताऱ्या डोळ्यांबद्दलचा संशय टिकलाच. अमेरिकेत 1090 रुग्णांवर झालेल्या अभ्यासाने तो बराचसा मोडला. दाते 12 ते 65 वयाचे असोत की 66 ते 75, पाच वर्षांनी दोन्हीकडे 86 टक्के रोपणं टिकलेली. दहा वर्षांनी 77 आणि 71 टक्के. पेशींची संख्या मात्र सगळ्यांचीच बरीच घटली होती. अर्थात रोपण फसण्याच्या दृष्टीने हे रुग्ण मध्यम जोखमीचे होते, हे विसरून चालणार नाही.

घरून फोन येण्याची वाट न पाहता, हॉस्पिटलमध्येच समुपदेशकाने नातेवाइकांशी बोलून मिळवलेल्या डोळ्यांचे दाते बहुधा तरुण असतात, आजाराची माहितीही हाताशी असते. माझ्या मते या कामाला अजून पुरेशी माणसं दिली जात नाहीत.

कमी पेशींचं पारपटलही वाया जात नाही. बुरशीने सडून भोक पडलेला डोळा वाचवायला ते लावतात. तिथे नजरेआधी डोळा शाबूत राहणं महत्त्वाचं असतं, आणि अशा सुजलेल्या, रक्तवाहिन्या शिरलेल्या डोळ्यात तरुण दात्याचं पारपटलही पुष्कळदा धुरकटतं.