शेजारचा उकिरडा आणि विहिरीचे पाणी

खेड्यातील तंटे जसे बांधावरून होतात, तसे ते विहिरीवरूनही होतात. आषाढात दोनचार मोठे पाऊस झाले की उताराखालच्या विहिरीचे पाणी गढूळ होते, त्याला वास येऊ लागतो, घरातील मुलांना हगवण लागते आणि वरच्या शेजाऱ्याच्या उकिरड्याकडे बोट दाखविले जाते. वरचा शेजारी म्हणतो, "उकिरडा माझ्या जागेत आहे आणि वाडवडिलांपासून तेथेच आहे." खालचा म्हणतो, "पाणी मला प्यावे लागते." दोघांचेही म्हणणे आपापल्या परीने खरे असते. म्हणून दोष ठरविण्यापूर्वी पाणी कसे बिघडते, हे समजून घेणे अगत्याचे आहे.

पाणी कसे बिघडते?

महाराष्ट्राच्या बहुतेक भागात मातीखाली मुरूम आणि त्याखाली काळा कातळ आहे. मातीचा जाड थर पुष्कळसे रोगजंतू अडवितो. परंतु माती उथळ असेल आणि कातळाला भेगा असतील, तर उकिरड्यातून झिरपलेले पाणी न गाळताच थेट विहिरीत उतरते.

शेण व मूत्र यांतील नत्राचे मातीतील जंतूंच्या क्रियेने नायट्रेट बनते. ते पाण्यात सहज विरघळते व माती त्याला धरून ठेवीत नाही. त्याला रंग, वास वा चव नसल्याने स्वच्छ दिसणारे पाणीही दूषित असू शकते. भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात दर लिटरला ४५ मिलिग्रॅमपेक्षा अधिक नायट्रेट असू नये. अधिक असल्यास सहा महिन्यांच्या आतील बालकांच्या रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची शक्ती कमी होते व त्यांची त्वचा निळसर पडते. पाणी उकळल्याने जंतू मरतात. नायट्रेट मात्र जात नाही, उलट पाणी आटल्याने त्याचे प्रमाण वाढते. अशा बालकाला दुसऱ्या, तपासलेल्या विहिरीचे पाणीच द्यावे.

दोष कसा ठरवावा?

गावच्या कार्यकर्त्याने प्रथम जमिनीचा उतार पाहावा. नंतर तक्रारीच्या विहिरीचे आणि उकिरड्याच्या वरच्या अंगास असलेल्या दुसऱ्या एखाद्या विहिरीचे पाणी, दोन्ही बाजूंच्या माणसांसमक्ष घेऊन प्रयोगशाळेकडे पाठवावे. जंतुपरीक्षेचा नमुना निर्जंतुक बाटलीत घेऊन, थंड ठेवून, २४ तासांच्या आत पोहोचवावा. वरची विहीर चांगली व खालची वाईट ठरली, तर उकिरड्यावरील संशय बळावतो. दोन्ही सारख्याच वाईट असल्या, तर कारण अन्यत्र शोधावे.

तक्रार करणाऱ्याने स्वतःची विहीरही पाहावी. तिला कठडा नसेल, काठावर गुरे व कपडे धुतले जात असतील, किंवा संडासाचा शोषखड्डा जवळच असेल, तर केवळ शेजाऱ्यास दोष देऊन पाणी सुधारणार नाही.

उपाय दोघांच्याही हिताचा

झिरपणारा उकिरडा खालच्याचे आरोग्य बिघडवितो, तसेच वरच्याचे धनही बुडवितो. चांगल्या शेणखतात शेकडा अर्धा भाग नत्र धरले, तर ५ टन खतात २५ किलो नत्र असते. युरियाच्या ४५ किलोच्या पोत्यात ते सुमारे २१ किलोच असते. हे नत्र शेजाऱ्याच्या विहिरीत जाऊ देणे कोणत्याच शेतकऱ्याला परवडणारे नाही.

खताचा खड्डा विहिरीपासून किमान ५० फूट दूर व उताराच्या खालच्या अंगास असावा. कातळ भेगाळ असेल तेथे हे अंतरही अपुरे पडते. जितके दूर जाता येईल तितके जावे. खड्ड्याचा तळ चिकणमातीने चोपून घट्ट करावा, भोवती बांध घालून पावसाचे पाणी बाहेर वळवावे आणि वर छप्पर करावे. गोठ्यातील मूत्र नालीने आणून काडीकचऱ्यावर मुरवावे. ज्यांना खड्डा नको असेल त्यांनी पुसदच्या नारायण देवताव पांढरीपांडे यांच्या नावाने ओळखले जाणारे, जमिनीवरील विटांचे नाडेप टाके बांधावे.

वैशाखात खत शेतावर नेण्यासाठी खड्डा रिकामा होतोच. जागा बदलण्यास तीच वेळ योग्य. जुन्या जागेची खत मुरलेली मातीही खणून शेतात पसरावी. जंतूंसाठी विहिरीतील दर हजार लिटर पाण्यास अडीच ग्रॅम चांगली ब्लीचिंग पावडर टाकून एक तास थांबावे. नायट्रेट मात्र हळूहळू कमी होते. त्यासाठी पावसाळ्यापूर्वी व नंतर पाणी पुन्हा तपासावे.

तडजोड

ग्रामपंचायतीसमोर जागा, अंतर व मुदत ठरवून ती लेखी नोंदवावी. जागा बदलण्याचा खर्च एकट्यावर जड होत असेल, तर दोघांनी श्रमाचा वाटा उचलावा. समेट होतच नसेल, तर भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, २०२३ च्या कलम १५२ खाली सार्वजनिक उपद्रव दूर करण्यासाठी कार्यकारी दंडाधिकाऱ्याकडे दाद मागता येते. परंतु निकाल लागेपर्यंत पाणी त्याच विहिरीचे प्यावयाचे असते, हे दोन्ही शेजाऱ्यांनी ध्यानात ठेवावे.