शेपटी हलली की पंख?

ग्लायडरला इंजिन नसतं, मग ते वर जातं कसं? अमेरिकेत बहुतेक ठिकाणी एक छोटं विमान त्याला ओढत नेतं. हे टो प्लेन पुढे, ग्लायडर मागे आणि मधे साधारण 200 फुटांची दोरी.

आता समजा, वर चढताना टो प्लेनचं इंजिनच कुरकुरू लागलं तर? रेडिओवर बोलत बसायला वेळ नसतो. टो पायलट विमानाचे पंख वर-खाली डोलवतो. अर्थ एकच: दोरी सोड, आत्ता! मागच्याने पिवळी मूठ ओढायची. का, कशाला, काही विचारायचं नाही.

घोळ होतो तो दुसऱ्या खुणेमुळे. पंख स्थिर आणि फक्त शेपटी डावी-उजवीकडे हलतेय, तर अर्थ अगदी वेगळा: ‘तुझ्या ग्लायडरमध्ये काहीतरी गडबड आहे, बघ.’ बहुतेकदा पंखांवरचे एअरब्रेक चुकून उघडे राहिलेले असतात. ते बंद केले की झालं. पण घाबरलेला पायलट शेपटी पाहून दोरीच सोडतो. उघडे ब्रेक, कमी उंची आणि ओढणारंही कुणी नाही! असे अपघात खरंच झाले आहेत.

दोरी आपोआप तुटली तर? 200 फुटांच्या खाली असाल तर मागे वळायचं नाही, समोर जी मोकळी जागा दिसेल तिथे उतरायचं. त्याच्या वर असाल तर वारा वगैरे बघून धावपट्टीकडे वळता येतं. म्हणून बरेच पायलट चढताना ‘दोनशे!’ असं मोठ्याने म्हणतात. मला ही सवय फार आवडली. निर्णय आधीच झालेला असतो.

सगळ्यात मोठा धोका मात्र पुढच्या माणसाला असतो. ग्लायडर फार वर गेलं तर दोरी टो प्लेनची शेपटी वर खेचते आणि नाक जमिनीकडे वळतं. जमीन जवळ असेल तर सावरायला जागाच उरत नाही. टो पायलटलाही दोरी सोडता येते, पण काही जुन्या पद्धतीचे हुक इतक्या ताणाखाली सुटता सुटत नाहीत. म्हणून ग्लायडरवाल्याला पुढचं विमान दिसेनासं झालं, तर क्षणात दोरी सोडायची.

आणि मूठ ओढूनही दोरी सुटलीच नाही तर? ग्लायडर डावीकडे सरकून पंख डोलवतं. टो पायलट त्याला धावपट्टीजवळ आणतो आणि आपल्या बाजूने दोरी सोडतो. मग नाकाला लोंबणारी दोरी कुंपणात अडकू नये म्हणून ग्लायडर जरा उंचावरूनच आत येतं.