कमान किती भाराची?

१९३२ साली ऑस्ट्रेलियातल्या गिप्सलँड भागातल्या एका शेतकऱ्याच्या बायकोने फोर्ड कंपनीला पत्र लिहिलं, अशी तिथली प्रसिद्ध हकिगत आहे. तिची मागणी साधी होती. रविवारी चर्चला जाताना अंगावर पाऊस येऊ नये आणि सोमवारी त्याच गाडीतून डुकरं बाजारात नेता यावीत. जिलाँगच्या कारखान्यातल्या ल्यू बँट या तरुण अभियंत्याने त्यावर काम केलं आणि १९३४ मध्ये पुढे मोटारीची केबिन, मागे हौदा अशी गाडी रस्त्यावर आली. ऑस्ट्रेलियन माणूस तिला ‘यूट’ म्हणतो. आपण पिकअप म्हणतो.

त्या मागणीतला पेच आजही या गाडीच्या मागच्या एक्सलवर बसलेला आहे. रिकामी असताना गाडीने माणसाला गचके देऊ नयेत आणि टनभर माल भरल्यावर तिने मागे बसू नये. एकाच स्प्रिंगकडून या दोन्ही गोष्टी पूर्णपणे मिळत नाहीत. म्हणून कारखाना मधला मार्ग काढतो आणि ज्यांना मधल्या मार्गाने जायचं नसतं, ते गाडी घेतल्यावर पहिलं काम मागच्या सस्पेन्शनचं करतात. ऑस्ट्रेलियात या कामाची एक मोठी, गंभीर कारागिरी उभी राहिली आहे. १९७५ साली मेलबर्नमध्ये सुरू झालेल्या एआरबीचा ‘ओल्ड मॅन इमू’ हा त्यातला जगभर पोचलेला ब्रँड.

या कारागिरीची सर्वांत ओळखीची गाडी म्हणजे टोयोटा हायलक्स. १९६८ पासून तिच्या पिढ्या बदलल्या, पुढचं सस्पेन्शन बदललं, इंजिनं बदलली. मागे मात्र कमानपाटेच राहिले. २०१५ च्या पिढीत हे पाटे १०० मिलीमीटरने लांब केले गेले. २०१६ ते २०२२ अशी सलग सात वर्षं ती ऑस्ट्रेलियातली सर्वाधिक खपाची गाडी होती.

कमानपाटा ही दिसायला जुनाट वस्तू आहे. लंडनच्या ओबादिया इलियटने १८०४ मध्ये घोडागाडीसाठी लंबवर्तुळाकार पाट्यांचं पेटंट घेतलं, तिथपासून त्यामागची कल्पना फारशी बदललेली नाही. पण तिचं काम नीट पाहिलं की तिच्याबद्दल आदर वाटू लागतो. सर्वांत वरचा मुख्य पाटा दोन्ही टोकांना डोळ्यासारखा वळवलेला असतो. पुढचं टोक चॅसीला पक्कं, मागचं टोक झुलणाऱ्या शॅकलला. कारण दाबला गेल्यावर पाटा सरळ होतो, म्हणजे लांब होतो, आणि त्या लांबीला जागा लागते. त्याखाली उतरत्या लांबीचे पाटे आणि तळाशी जवळजवळ सपाट असा जाड पाटा, जो भार वाढल्यावरच कामाला लागतो. मधल्या बोल्टने सगळे एकत्र धरलेले, यू-बोल्टने एक्सलवर आवळलेले. ही एकच जुडी भार पेलते, एक्सलला पुढेमागे सरकू देत नाही, ब्रेक आणि वेगवाढीचा पीळ सोसते आणि पाट्यांच्या आपसातल्या घर्षणातून थोडी उसळीही शमवते.

पाट्याचं गणित इथे समजून घ्यायला हवं. पाट्यांची संख्या किंवा रुंदी वाढवली की ताठरपणा त्याच प्रमाणात वाढतो. जाडी वाढवली की जाडीच्या घनाने. म्हणजे पाटा सव्वापट जाड केला की तो जवळजवळ दुप्पट ताठर होतो. लांबीचं उलट आहे. पाटा लांब केला की तो लांबीच्या घनाने मऊ होतो. त्यामुळे ‘एक पाटा वाढवून टाका’ हे वाटतं तितकं निरुपद्रवी काम नाही. कोणत्या जाडीचा, किती लांबीचा, वळण किती आणि तो केव्हा टेकणार, यावर गाडीचा सगळा स्वभाव ठरतो.

आता ऑस्ट्रेलियातला रस्ता पाहू. डर्बी ते कनुनारा हा सुमारे ६६० किलोमीटरचा गिब रिव्हर रोड, किंवा मरी ते बर्ड्सव्हिल हा ५०० किलोमीटरहून मोठा ट्रॅक. खड्डे आणि दगड आहेतच, पण खरा छळ करतो तो नालीदार पत्र्यासारखा लाटालाटांचा पृष्ठभाग. या लाटा का उठतात, हे टॅबर्ले, मॉरिस आणि मॅकेलवेन या शास्त्रज्ञांनी २००७ मध्ये फिरत्या वाळूवर साधं चाक चालवून दाखवलं. ठरावीक वेगाच्या पुढे गेल्यावर सपाट वाळूत लाटा आपोआप तयार होतात. अशा रस्त्यावर चाक सेकंदाला अनेकदा वरखाली होतं, तासन् तास.

स्प्रिंग ऊर्जा साठवते आणि परत देते. ती संपवण्याचं काम शॉक अब्सॉर्बरचं. हालचालीची ऊर्जा तो तेलातून उष्णतेत बदलतो. लाटांच्या रस्त्यावर तो हाताला चटका बसेल इतका तापतो, तेल पातळ होतं, त्यात हवा मिसळून फेस होतो आणि शॉक हात टेकतो. गाडी तरंगू लागते, चाकं रस्ता सोडू लागतात. म्हणून चांगल्या शॉकमध्ये तेलावर नायट्रोजनचा दाब ठेवतात, नळी जाड करतात, तेलाचा साठा वाढवतात आणि काहींना वेगळी टाकीच जोडतात. पाटे ताठर केले आणि शॉक जुनेच ठेवले, तर पाट्याची परतीची उसळी आवरायला कोणी उरत नाही. पाटे आणि शॉक जोडीनेच निवडायचे असतात.

जाणकार कारागीर गिऱ्हाइकाला ‘किती उंच करायची?’ हे आधी विचारत नाही. तो विचारतो, ‘गाडीवर कायम किती वजन असणार?’ कायम हा शब्द महत्त्वाचा. ॲल्युमिनियमची कॅनपी, खण, फ्रिज, जादा बॅटरी, छतावरचा तंबू, दुसरी स्टेपनी हे वजन घरासमोर उभ्या गाडीवरही असतं. १०० लिटर पाणी म्हणजे १०० किलो. मागे कॅरॅव्हॅन असेल तर हिशेब आणखी अवघड होतो. हुकावर ३५० किलोचा दाब एक्सलच्या सव्वा मीटर मागे पडतो आणि तरफेच्या नियमाने हायलक्ससारख्या गाडीच्या मागच्या एक्सलवर ढोबळमानाने ४९० किलो वाढतात; पुढची चाकं १४० किलोंनी हलकी होतात. म्हणून शहाणा मालक सगळं सामान भरून आधी वजनकाट्यावर जातो आणि पुढच्या-मागच्या एक्सलचं वजन वेगवेगळं घेतो. रिकाम्या फिरणाऱ्या गाडीला भारी पाटे घातले तर ते वाकतच नाहीत. चाकं उड्या मारतात, पकड जाते आणि तो दणका चॅसीत शिरतो.

चॅसीचा विषय निघाला की ऑस्ट्रेलियात हमखास वाकलेल्या यूटची आठवण निघते. मागे बसलेली गाडी उचलायला पाट्यांवर हवेच्या पिशव्या बसवणं हा सोपा, स्वस्त उपाय. पण पाटा आपला भार दोन टोकांवर वाटून चॅसीला देतो. पिशवी तो मधल्या एका जागी देते. हौद्याच्या मागच्या टोकाला जड सामान, हुकाला कॅरॅव्हॅन आणि वेगात आलेला खड्डा, असे तिन्ही जुळले की त्या बिंदूवर चॅसी केबिनच्या मागे वाकते. पिशवीचा आणखी एक दोष असा की मागचं टोक समतल दिसलं की मालकाला भार पेलला गेल्यासारखं वाटतं.

बसवण्याच्या कामातही अशीच शिस्त लागते. यू-बोल्ट नवे घ्यायचे, कारण आवळल्यावर ताणले गेलेले जुने पुन्हा भरवशाचे नसतात. रबरी बुशचे बोल्ट गाडी जॅकवर असताना आवळायचे नाहीत. चाकांवर पूर्ण वजन आल्यावरच आवळायचे, नाहीतर बुश कायम पिळलेले राहून लवकर फाटतात. ब्रेकचे होज पुरतात का, प्रॉपेलर शाफ्टचा कोन बिघडून थरथर येते का, हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यात जातात का, हे पाहायचं. काही गाड्यांत मागच्या एक्सलच्या उंचीवरून भार ओळखून ब्रेकचा दाब ठरवणारा व्हॉल्व्ह असतो. गाडी उंच केली की तो तिला रिकामी समजतो आणि मागचे ब्रेक कमी लावतो. त्याची जुळणी राहिली तर भरलेली गाडी वेळेवर थांबत नाही. आणि काही शे किलोमीटरनंतर सगळे बोल्ट पुन्हा तपासायचे.

कायद्याची दृष्टीही उंचीपेक्षा वजनाकडे आहे. बहुतेक राज्यांत सस्पेन्शनची साधारण ५० मिलीमीटरपर्यंतची उंची विनातक्रार चालते. पण नवे पाटे घातले म्हणून गाडीची कायदेशीर भारक्षमता आपोआप वाढत नाही. ती वाढवायला पाटे, शॉक आणि इतर भागांचा तपासलेला, प्रमाणित संच लागतो.

पाटे टाकून कॉइल का घेत नाहीत? काहींनी घेतल्या. निस्सान नवाराने मागे कॉइल दिल्या, चाल सुधारली. पण भाराखाली ती फार बसते म्हणून ऑस्ट्रेलियात कंपनीला त्या स्प्रिंगा पुन्हा बदलाव्या लागल्या. फोर्डच्या २०१८ च्या रेंजर रॅप्टरने कॉइल आणि फॉक्सच्या शॉकवर वाळवंट वेगाने तुडवलं, पण भारक्षमता साध्या रेंजरपेक्षा बरीच घटली आणि ओढण्याची मर्यादा ३,५०० वरून २,५०० किलोवर आली. दोन्ही गाड्या आपापल्या जागी चांगल्या आहेत. त्यांनी एवढंच दाखवलं की चाल आणि भार यांपैकी एकाला झुकतं माप दिलं की दुसऱ्याचं कमी होतं.

२०२२ पासून हायलक्स भारतातही मिळते. ती घेऊन सह्याद्रीत किंवा लडाखला जाणाऱ्या मराठी मंडळींपुढे हाच प्रश्न आहे. शिवाय आपल्याकडे कांदा-ऊस वाहणाऱ्या पिकअपला जादा पाटा चढवणं जुनंच आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ मूळ रचनेत परस्पर फेरफार करू देत नाही, हे आधी पाहायला हवं. पण कायद्याच्याही आधी वजनकाटा आहे. जादा पाट्याने गाडी बसत नाही म्हणून ब्रेक, टायर, एक्सल आणि चॅसी यांची ताकद वाढत नसते. मागचं सस्पेन्शन सुधारणं म्हणजे आपण काय वाहणार आहोत याचा खरा हिशेब गाडीला देणं. तो हिशेब करताना निम्मं सामान घरीच ठेवायचं ठरलं, तर ती सर्वांत उत्तम सुधारणा समजावी.