जीपची थरथर आणि आडवा डॅम्पर

मुकुटबनच्या आसपासचे रस्ते गाडीच्या पुढच्या चाकांची कसून परीक्षा घेतात. झरी जामणी तालुक्यातल्या या गावाभोवती कोळसा आहे, चुनखडी आहे, २०२२ साली उत्पादन सुरू झालेला मोठा सिमेंट कारखाना आहे. भरलेल्या टिप्परांची ये-जा त्यामुळे कायमची. खाली कपाशीची काळी जमीन. ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आक्रसून भेगाळते, आणि तिच्यावर टाकलेलं डांबर हळूहळू उंचसखल होत जातं. नवी गाडी हे निभावून नेते. पण जुनी जीप, तीही मोठे टायर घालून उंच केलेली, ताशी ५०-६० किलोमीटरच्या वेगात एखाद्या खड्ड्यावरून गेली, की कधी कधी भलतंच सुरू होतं. स्टिअरिंग हातात थडथडू लागतं. मग पुढची दोन्ही चाकं डावी-उजवीकडे इतक्या झपाट्याने हलतात की मडगार्ड, बॉनेट, आरसे, सगळं थरथरतं. वेग बराच खाली आणल्याशिवाय हे थांबत नाही. ज्याने एकदा अनुभवलं तो पुढचे कित्येक दिवस पन्नासच्या पुढे काटा जाऊ देत नाही.

यावर सर्रास मिळणारा सल्ला एकच: स्टिअरिंगचे झटके खाणारा डॅम्पर टाकून घ्या. बाजारात तो तयार मिळतो, तासाभरात बसतो आणि बहुतेक वेळा थरथर लगेच थांबते. त्या लगेच थांबण्याचीच मला काळजी वाटते. डॅम्पर ही उत्तम वस्तू आहे, आणि नेमकी त्यामुळेच ती कधी बसवावी आणि कधी बसवू नये हे जीप बाळगणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असायला हवं.

जीप ही महाराष्ट्राच्या चांगल्या ओळखीची गाडी. महिंद्र कंपनीने १९४० च्या दशकाच्या अखेरीस मुंबईत माझगावला विलीज जीप जोडायला सुरुवात केली. पुढे सीजे-३बी हे उंच बॉनेटचं मॉडेल आलं. अमेरिकेत ते १९५३ ते १९६८ एवढंच निघालं, पण आपल्याकडे त्याची घडण आणि तिच्यातून निघालेल्या गाड्या कित्येक दशकं चालल्या. वनखातं, पोलिस, पाटबंधारे, खाणी आणि नंतर वडाप असा त्यांचा प्रवास. आज त्यातल्या कितीतरी गाड्या हौशी तरुणांच्या हाती आहेत. इंजिन बदललेलं, पॉवर स्टिअरिंग बसवलेलं, पाट्यांखाली लांब शॅकल घालून पुढून चार बोटं उंच केलेली, आणि मूळच्या ६.००-१६ मापाच्या अरुंद टायरांच्या जागी रुंद, जड टायर.

या गाडीच्या पुढे एकसंध अ‍ॅक्सल आहे. डावं चाक वर उचललं गेलं की उजवंही कलतं, कारण दोघं एकाच दांड्याच्या टोकांना आहेत. थरथरीचं मूळ इथे आहे. फिरतं चाक म्हणजे एक भिंगरीच. तिचा आस एका दिशेला कलवायचा प्रयत्न केला, की ती त्या दिशेशी काटकोनात वळायला बघते. खड्ड्यात एक चाक वर-खाली झालं, अ‍ॅक्सल कलला, की दोन्ही चाकं आपोआप बाजूला वळू पाहतात. वळली की टायर जमिनीला घासून त्यांना परत ढकलतो, त्या ढकलण्याने अ‍ॅक्सल उलट बाजूला कलतो आणि चक्र पुरं होतं. गाडीच्या पुढे जाण्याच्या ताकदीतूनच त्याला खाद्य मिळत राहतं, म्हणून खड्डा मागे पडला तरी थरथर चालूच राहते. मूळच्या टायरचा घेर सव्वादोन मीटरच्या आसपास. ताशी ५० च्या वेगात ते चाक सेकंदाला सुमारे सहा वेळा फिरतं. टायर नीट बॅलन्स केलेला नसेल तर सेकंदाला सहा टोले बसतात, आणि अ‍ॅक्सलच्या स्वतःच्या डोलण्याशी त्यांचा मेळ जमला तर खड्ड्याचीही गरज उरत नाही.

हा त्रास जीपपेक्षा जुना आहे. १९२० च्या दशकात मोटारींना पुढचे ब्रेक आले, कमी हवेचे फुगीर टायर आले आणि युरोप-अमेरिकेतले इंजिनिअर या थरथरीने हैराण झाले. फ्रान्समध्ये ब्रुलिए यांनी १९२५ साली त्यावर स्वतंत्र अभ्यास प्रसिद्ध केला. रोल्स-रॉइस सोडून जनरल मोटर्समध्ये गेलेल्या मॉरिस ऑली यांनी एकसंध अ‍ॅक्सलच काढून टाकण्याचा आग्रह धरला, आणि १९३४ च्या मॉडेलांपासून त्या कंपनीच्या गाड्यांना पुढची दोन चाकं वेगवेगळी टांगलेली मिळू लागली. भिंगरीचं चक्र मुळातच तोडण्याचा तो उपाय. विशेष म्हणजे जीपचं इंजिन आणि घडण ज्यांच्या हाताखाली पक्की झाली ते विलीजचे बार्नी रूस, यांनीही आधी स्टुडबेकरमध्ये असताना पुढची स्वतंत्र टांगणी केली होती. तरी लष्करी जीपला एकसंध अ‍ॅक्सलच राहिला. चारही चाकांना ताकद पोचवायची, चिखल-दगडातून न्यायची आणि रणांगणावर दोन पान्यांनी दुरुस्त व्हायची, अशा गाडीला तोच योग्य होता, असं मला आजही वाटतं.

मग लष्करी जीप डॅम्परशिवाय कशी चालली? याचं उत्तर नकलमध्ये आहे, म्हणजे चाक ज्या गाठीवर वळतं तिथे. या गाठीत वर-खाली दोन टेपर बेअरिंग असतात आणि त्यांच्यावर शिम घालून ठरावीक ताण ठेवलेला असतो. टाय रॉड सोडवून, आर्मच्या भोकात स्प्रिंगकाटा अडकवून चाकाची गाठ ओढायची आणि ती किती जोराने हलते ते वाचायचं, ही मोजण्याची जुनी पद्धत. त्या ताणामुळे गाठीत थोडं घर्षण राहतं, आणि ते घर्षण थरथरीची ताकद खाऊन टाकतं. जीपला डॅम्पर होता, पण तो गाठीच्या आत लपलेला. बेअरिंग झिजलं, शिम कमी पडले, गाठ हाताने सहज फिरू लागली, की तो लपलेला डॅम्पर संपला. बाहेरून नवा लावण्याआधी हा जुना परत उभा करायला हवा.

तपासणीची सोपी रीत कुठल्याही गॅरेजात करता येते, तिला यंत्र लागत नाही. इंजिन बंद, चाकं जमिनीवर. एकाने आत बसून स्टिअरिंग डावीकडे-उजवीकडे थोडंथोडं हलवत राहायचं. दुसऱ्याने खाली झोपून एकेका जोडावर बोटं ठेवायची. स्टिअरिंग बॉक्सचा आर्म हलतो आणि ड्रॅग लिंक उशिरा हलते, म्हणजे तिथे प्ले. सीजे-३बीमध्ये पुढच्या अ‍ॅक्सलवर एक बेलक्रँक असते. बॉक्सकडून आलेला जोर ती दोन टाय रॉडमध्ये वाटते. तिचा शाफ्ट आणि बेअरिंग झिजणं हे या जीपचं सगळ्यांत नेहमीचं दुखणं, आणि सगळ्यांत दुर्लक्षित. ग्रीस पोचत नाही, धूळ पोचते. कोळसा आणि सिमेंट वाहणाऱ्या रस्त्यांवर तर ती फार लवकर ढिली होते. स्टिअरिंग बॉक्स जिथे चॅसिसला बोल्टने धरलेला असतो तिथली पट्टीही बघावी. पॉवर स्टिअरिंग चढवलेल्या गाड्यांमध्ये तिथे तडा गेलेला सापडू शकतो, कारण मूळ पट्टी एवढ्या जोरासाठी केलेली नव्हती.

पुढे येतो कॅस्टर. किंगपिनची रेघ थोडी मागे कललेली असते म्हणून चाकं वळणानंतर आपोआप सरळ येतात. या जीपला तो ३ अंश ठरवून दिलेला आहे. पुढून लांब शॅकल टाकले की पाटे कलतात, त्यांच्याबरोबर अ‍ॅक्सल पुढे झुकतो आणि हे तीन अंश घटतात. गाडी उंच दिसते खरी, पण सरळ चालायचं विसरते. पाटा आणि अ‍ॅक्सल यांच्यामध्ये पाचरीच्या आकाराची शिम घालून ते परत मिळवता येतात. बाहेर निघालेल्या रुंद रिम हा आणखी एक दोष. चाक जितकं बाहेर सरकतं तितका खड्ड्याचा धक्का लांब हाताने स्टिअरिंगला पोचतो. जुने जीपचालक अंगठा स्टिअरिंगच्या आत अडकवत नाहीत. अचानक झटक्याने स्टिअरिंग फिरलं तर आरा अंगठ्यावर आदळतो, हे त्यांना ठाऊक असतं.

हे सगळं झालं की गाडी डॅम्परशिवाय रस्त्यावर काढावी. मोकळ्या, सपाट रस्त्यावर, हळूहळू वेग वाढवत. थरथर आली नाही तरच डॅम्पर बसवावा. हा नियम अनेकांना उलटा वाटेल, पण मी त्यावर ठाम आहे. डॅम्परशिवाय थरथरणारी गाडी डॅम्परसकट शांत दिसते, तेव्हा आत एखादा टाय रॉड एन्ड सुटायच्या बेतात असू शकतो आणि त्याची खूण आपणच पुसून टाकलेली असते.

मग डॅम्परचं काम काय? एकेकटे झटके खाणं. रेल्वे फाटकाचे रूळ, तुटलेली साइडपट्टी, टिप्परने पाडलेला खोल चाकोरा. आडव्या नळीत तेल, त्यात दट्ट्या, दट्ट्याला बारीक छिद्रं. विहिरीच्या पाण्यात हात सावकाश फिरवला तर पाणी वाट देतं, फाडकन मारला तर अडवतं. डॅम्परच्या तेलाचं तसंच. वळण घेताना हाताला जाणवत नाही, चाकाला झटका बसला की मात्र घट्ट होतो.

इथे एक काटकसर महागात पडते. घरात पडलेला साधा शॉकअप आडवा लावून टाकायचा. शॉकअप उभा चालण्यासाठी केलेला असतो. आडवा ठेवला की त्याच्यातली हवा तेलात मिसळून दट्ट्याखाली जाते आणि सुरुवातीचा थोडा भाग पोकळ निघतो. शिवाय तो ताणताना जास्त आणि दाबताना कमी अडवतो, म्हणजे स्टिअरिंग एका बाजूला जड, दुसऱ्या बाजूला हलकं. गॅस भरलेला असेल तर दांडा सतत बाहेर ढकलला जातो आणि गाडी एका कडेला ओढते. स्टिअरिंग डॅम्पर दोन्ही दिशांना सारखाच अडवणारा हवा, आणि आडवा चालण्यासाठीच बनवलेला हवा.

बसवताना पहिला प्रश्न: दोन टोकं कुठे? पॉवर स्टिअरिंगच्या बदलात बेलक्रँक जाऊन एकच लांब टाय रॉड आलेला असेल, तर काम सोपं. एक टोक अ‍ॅक्सलच्या नळीवर, दुसरं टाय रॉडवर. दोन्ही पाट्यांबरोबर एकत्र वर-खाली होतात, त्यामुळे खड्ड्यात डॅम्पर उगाच ताणला जात नाही. चॅसिसला टोक बांधलं तर मात्र तो ताणला जातो. बेलक्रँक असलेल्या मूळ जीपला दोन तुकड्यांचे टाय रॉड असतात. तिथे डॅम्पर कुठल्या तुकड्यावर घेतला, पूर्ण वळणात तो कुठे येतो, हे आधी दोरीने मोजून बघावं.

चाकं सरळ ठेवून डॅम्पर आपल्या लांबीच्या बरोबर मध्यावर हवा. मग जॅकवर घेऊन स्टिअरिंग दोन्ही बाजूंना शेवटपर्यंत फिरवायचं. दोन्ही टोकांना निदान बोटभर दांडा शिल्लक राहायला हवा. डॅम्परच आधी संपला आणि चाकाचा स्टॉप नंतर आला, तर पूर्ण वळणाचा जोर नळीवर जातो. ती वाकते, किंवा क्लॅम्प सरकतो. क्लॅम्प सरकून टाय रॉड अडकणं ही यातली सगळ्यांत भयंकर शक्यता. म्हणून यू-बोल्टचा रुंद क्लॅम्प, लॉकनट आणि गाठीत कॉटर पिन. टाय रॉडला वेल्डिंग अजिबात नको. स्टिअरिंगच्या कुठल्याही दांड्याला तापवणं, वाकवणं, जोडणं म्हणजे त्याचं पोलाद बिघडवणं.

डॅम्पर चॅसिस कापून बसवावा लागत नाही आणि दहा मिनिटांत काढता येतो, ही त्याची आणखी एक जमेची बाजू. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ बद्दल सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये दिलेला निकाल गाडीच्या मूळ रचनेत बदल करण्याविरुद्ध कडक आहे. ५० वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी २०२१ मध्ये आलेल्या नोंदणीतही चॅसिस, बॉडी आणि इंजिन मूळ रूपात असण्याची अट आहे. ज्याची जीप अजून मूळ रूपाजवळ आहे त्याने तरी कापाकापी टाळावी, आणि बदल केलेल्यांनी आरटीओत आधी विचारून घ्यावं.

एकसंध अ‍ॅक्सलच्या जिप्सी टिपेश्वर आणि ताडोब्याच्या जंगलात पर्यटकांना घेऊन मुरुमाच्या वाटांवर फिरतात. त्यांनाही हेच सगळं लागू पडतं, आणि रोजच्या धावण्यामुळे जास्तच. तिथे डॅम्पर वर्षातून एकदा तरी एका टोकाने सोडवून हाताने ओढून पाहावा. बाहेरून तेल दिसत नसलं तरी आतून तो गेलेला असू शकतो, आणि जातो तो बहुतेक वेळा मधल्या दोन-तीन सेंटीमीटरमध्ये. सरळ रस्त्यावर त्याचं सगळं काम तेवढ्याच जागेत चालतं. टोकांना घट्ट लागणारा आणि मध्ये रिकामा जाणारा डॅम्पर बदलायला झाला.