रांग, घर आणि क्रमांक : मॅक्रोभाषेतील अंगभूत फलने व वऱ्हाडी शब्दयादी

ग्रिअर्सन यांच्या भारतीय भाषांच्या पाहणीचा मराठीस वाहिलेला सातवा खंड १९०५ साली प्रसिद्ध झाला. त्यात वऱ्हाडीचे नमुने आहेत हे आपल्या विभागातील बहुतेकांस ठाऊक असते. परंतु त्या पाहणीची पद्धती मात्र फारशी कोणी लक्षात घेत नाही. सर्व भाषांकरिता व बोलींकरिता एकच ठरावीक यादी वापरावयाची, असा तेथे दंडक होता. या यादीत २४१ शब्द व वाक्ये असून प्रत्येकास क्रमांक दिलेला आहे. पहिले १३ क्रमांक संख्यानामांचे. १४ वा 'मी'. ३२ पासून शरीराचे अवयव. ४७ पासून बाप, आई, भाऊ, बहीण अशी नाती. या क्रमांकामुळेच पुण्याचा 'डोळा' आणि अकोल्याकडील 'डोया' एकमेकांसमोर ठेवता येतात. क्रमांक ढळला तर शब्द खरा असूनही पुरावा खोटा ठरतो.

प्रस्तुत लेखाचा विषय वरकरणी निराळा आहे. एक्सेल या तक्तालेखनाच्या साधनात जी मॅक्रोभाषा अंतर्भूत आहे, तिच्यातील रांगा व त्या रांगांवर चालणारी अंगभूत फलने यांचा परिचय करून देणे हा त्याचा हेतू आहे. तथापि हा परिचय एका शब्दयादीच्या आधारेच करून द्यावा असे मला वाटते. त्याचे कारण पुढे येईलच.

इंग्रजीत ज्यास 'ॲरे' म्हणतात त्यास येथे 'रांग' म्हटले आहे, आणि रांगेतील प्रत्येक स्थानास 'घर'. 'फंक्शन' या अर्थी गणितातील 'फलन' हा शब्द स्वीकारला आहे. फलनांची नावे नागरीत लिहिली असली तरी प्रत्यक्ष आज्ञा रोमन लिपीतच लिहाव्या लागतात. व्हिज्युअल बेसिक फॉर ॲप्लिकेशन्स ही भाषा एक्सेलच्या पाचव्या आवृत्तीबरोबर १९९३ साली आली. स्प्लिट, जॉइन व फिल्टर ही आपल्या उपयोगाची तीन फलने मात्र तिच्यात नंतर, ऑफिस २००० च्या वेळी समाविष्ट झाली. तत्पूर्वी तीच कामे अक्षरामागून अक्षर तपासून हाताने करावी लागत.

मूर्तिजापूरच्या वाचकास रांगेची कल्पना रूळमार्गावरून सहज येईल. शकुंतला गाडीच्या नॅरोगेज मार्गावरील मुख्य ठाणी एका ओळीत लिहू : यवतमाळ, दारव्हा, कारंजा, मूर्तिजापूर, दर्यापूर, अंजनगाव, अचलपूर. ही ओळ म्हणजे यंत्राच्या दृष्टीने एकच लांबलचक शब्द होय. तीवर स्प्लिट हे फलन चालवून विभाजक म्हणून स्वल्पविराम दिला, की तिची सात घरे होतात. एलबाउंड हे फलन पहिल्या घराचा क्रमांक सांगते, यूबाउंड शेवटच्या. येथे उत्तरे येतात ० आणि ६. म्हणजे मूर्तिजापूर चौथे ठाणे असले तरी त्याच्या घराचा क्रमांक ३. जॉइन हे स्प्लिटच्या उलट काम करते. घरांतील मजकूर हव्या त्या चिन्हाने सांधून पुन्हा एक ओळ करून देते. ठाण्यांचा क्रम हीच येथे माहिती आहे. गाड्या बंद पडल्या तरी दर्यापूर कारंजाच्या अलीकडे येत नाही.

शून्यापासून मोजण्याची ही रीत प्रथमदर्शनी क्षुल्लक वाटते. यादीतील १३ वा शब्द 'शंभर' आणि १४ वा 'मी'. एखाद्याने स्प्लिटने केलेल्या रांगेतील १३ वे घर मागितले तर त्यास 'शंभर' न मिळता 'मी' मिळेल. याहून अडचणीची गोष्ट अशी की तक्त्यातील घरे सरळ उचलून रांगेत घेतली, तर एक्सेल त्यांचे क्रमांक १ पासून देते, आणि ती रांग ओळ व स्तंभ अशी दोन परिमाणांची असते. ॲरे या फलनाने केलेल्या रांगेचा आरंभ तर मॅक्रोच्या शिरोभागी दिलेल्या सूचनेप्रमाणे बदलू शकतो. एकाच मॅक्रोत अशा दोन गणना शेजारी नांदू शकतात. म्हणून आवर्तनाच्या सीमा आकड्यांनी कधीच लिहू नयेत. 'एलबाउंडपासून यूबाउंडपर्यंत' असेच लिहावे. हे पथ्य पाळले तर या प्रकारचे बहुतेक अपघात टळतात.

आता शब्दयादीकडे वळू. मूर्तिजापूर हे पूर्वपश्चिम मोठ्या रूळमार्गावरील व दोन्ही नॅरोगेज फाट्यांच्या संगमावरील गाव. बाजारास, न्यायालयास, रुग्णालयास अनेक दिशांनी माणसे येथे येतात. तेथील बोलीत 'ळ'च्या जागी 'य' कोठे टिकून आहे आणि कोठे प्रमाण उच्चार शिरला आहे, हे पाहण्यासाठी माझ्या मार्गदर्शनाखालील एका विद्यार्थिनीने तीच २४१ ची यादी हाती घेतली. प्रत्येक निवेदकाची उत्तरे तिने स्वल्पविराम देत एका ओळीत टिपली आणि एक निवेदक, एक घर अशा रीतीने ती तक्त्यात उतरवली. मॅक्रो प्रत्येक ओळीवर स्प्लिट चालवून २४१ स्तंभ भरीत असे. तपासणी म्हणून आम्ही एकच अट घातली होती : यूबाउंड २४० यावा. तो सर्वत्र आला. आम्ही निश्चिंत झालो.

पुढे नातेवाचक शब्दांचा तक्ता वाचीत असता एका वृद्ध निवेदकाच्या ओळीत ५७ व्या क्रमांकाशी मी थबकलो. मूळ यादीत तेथे 'गुलाम' आहे. आमच्या तक्त्यात तेथे 'पोरगी' असे होते.

अशा नोंदीचा मोह किती असतो हे समाजभाषाविज्ञानाच्या वाचकास सांगावयास नको. क्षणभर मलाही तो पडला. एक टिपण मनात आकार घेऊ लागले. परंतु एक घर मागे पाहिले तो 'मुलगी'च्या घरात मुलगा बसला होता, आणि आणखी वर 'आई'च्या घरात बाप. सबंध कुटुंबच एकेक घर पुढे सरकले होते. ही सरक ३६ व्या क्रमांकापासून सुरू होऊन ५७ व्याशी संपत होती. २२ घरे चुकली होती.

कारण शोधणे कठीण गेले नाही. ३५ व्या शब्दास त्या गृहस्थांनी प्रथम 'डोया' म्हटले आणि मग, बाई शिकलेली आहे हे पाहून, 'डोळा' म्हटले. विद्यार्थिनीने दोन्ही रूपे प्रामाणिकपणे टिपली व मध्ये स्वल्पविराम दिला. स्प्लिटला दोन शब्दांमधील स्वल्पविराम आणि एकाच शब्दाच्या दोन रूपांमधील स्वल्पविराम यांतील भेद कळण्याचा संभव नाही. एक घर वाढले. 'गुलाम' या शब्दास त्या गृहस्थांनी उत्तर दिले नाही. तिने ती जागा मोकळी सोडून दोन स्वल्पविराम लागोपाठ दिले. स्प्लिट अशी मोकळी जागा गाळीत नाही, तिचे रिकामे घर करते. ते योग्यच होते. परंतु मजकूर स्वच्छ करण्यासाठी जोड स्वल्पविरामांच्या जागी रिप्लेस या फलनाने एकेरी स्वल्पविराम घालावा, असा सल्ला तिला मिळाला होता. तो सल्ला माझाच होता. एक घर वाढले होते, एक घटले. बेरीज जुळली, आणि आमची एकमेव तपासणी निर्वेध पार पडली.

विभाजक कोणता घ्यावा हा प्रश्न म्हणूनच लेखनसोयीचा नसून विश्लेषणाचा आहे. पाणिनीय परंपरेशी परिचय असलेल्यांस येथे शिवसूत्रे आठवतील. चौदा सूत्रांच्या शेवटी येणारे अनुबंध हे वर्णांच्या रांगेतील विभाजकच आहेत, आणि आरंभीचा वर्ण व अनुबंध यांच्या योगे त्या रांगेचा हवा तो तुकडा उचलता येतो. तेथेही ण् हा अनुबंध पहिल्या व सहाव्या अशा दोन सूत्रांच्या शेवटी येतो, आणि 'अण्' म्हटले असता कोणता ण् घ्यावयाचा असा संदेह उत्पन्न होतो. व्याकरणात तो व्याख्यानाने मिटविता येतो. मॅक्रोपाशी भाष्यकार नसतो. तेव्हा विभाजक असा घ्यावा की जो निवेदकाच्या बोलण्यात वा आपल्या टिपणात अन्यथा येऊच शकणार नाही. शब्दांमध्ये आम्ही आता टॅबचे चिन्ह घेतो व पर्यायी रूपांमध्ये तिरपी रेघ. उभी रेघ मी मुद्दाम टाळली, कारण नागरीतील दंड दिसावयास तसाच असून यंत्राच्या लेखी निराळा आहे. आधी टॅबवर स्प्लिट करून २४१ घरे पाडावयाची व नंतर प्रत्येक घरात तिरप्या रेघेवर पुन्हा स्प्लिट. एका घरात एक छोटी रांग, असे त्याचे रूप होते. शब्दाच्या मागेपुढे राहिलेली मोकळी जागा ट्रिमने काढावी.

फिल्टर हे फलन अभ्यासकास सर्वांत आकर्षक वाटते व सर्वांत अधिक फसवते. रांग आणि शोधावयाचा अंश दिला असता तो अंश ज्या घरांत आहे तेवढ्यांची नवी रांग ते परत करते. उलट सूचना दिल्यास तो अंश नसलेल्या घरांची. 'मले', 'तुले', 'त्याले' यांतील चतुर्थीचा 'ले' गोळा करावा म्हणून कोणी 'ले' शोधला, तर 'गेले', 'आले', 'केले' ही क्रियापदेही त्याच रांगेत येऊन बसतात. फिल्टरला अंश दिसतो, प्रत्यय दिसत नाही. हा दोष फलनाचा नव्हे; ते जे सांगते तेवढेच करते. दुसरी गोष्ट अधिक गंभीर. फिल्टरने दिलेली रांग पुन्हा शून्यापासून क्रमांकित होते, आणि मूळ क्रमांक नाहीसे होतात. सापडलेला 'पानी' यादीतील कितवा होता हे मग सांगता येत नाही. उपाय साधा आहे : गाळण्यापूर्वी प्रत्येक घरातील शब्दाच्या आधी त्याचा क्रमांक व अपूर्णविराम जोडून ठेवावा. दोन निवेदकांच्या ओळी परस्परांशी ताडून पाहण्यास मात्र फिल्टर निरुपयोगी आहे. त्यासाठी घरागणिक आवर्तनच हवे.

काहीच न सापडल्यास फिल्टर रिकामी रांग देते व तिचा यूबाउंड उणे १ येतो. दोष दाखविला जात नाही, आवर्तन एकदाही चालत नाही, आणि मॅक्रो शांतपणे संपतो. नागरी लिपीत काम करणाऱ्यास येथे विशेष धोका आहे. या भाषेतील शब्दमूल्ये युनिकोडमध्ये साठविली जातात, परंतु आज्ञा लिहिण्याची खिडकी नागरी अक्षरे स्वीकारीत नाही. तेथे 'ळ' लिहिला तर त्याचे प्रश्नचिन्ह होते. मग फिल्टर प्रश्नचिन्ह शोधते, ते कोठेच नसते, रिकामी रांग येते, आणि अमुक गावच्या बोलीत 'ळ' मुळीच नाही असा निष्कर्ष कोणीही काढू शकेल. त्यासाठी वर्ण थेट न लिहिता सीएचआरडब्ल्यू या फलनास त्याचा संकेतांक द्यावा : 'ळ'चा २३५५, 'य'चा २३५१. किंवा शोधावयाचा अंश तक्त्यातील एका घरात लिहून तेथून वाचावा. मला दुसरा मार्ग अधिक बरा वाटतो. आकडे मनुष्यास वाचता येत नाहीत.

अक्षर म्हणजे काय, याविषयी यंत्राची समजूत आपल्याहून वेगळी आहे. 'डोया' ही आपल्यास दोन अक्षरे. लेन हे फलन ४ सांगते, कारण स्वरचिन्हे ते स्वतंत्र मोजते. रिकामा विभाजक दिल्यास स्प्लिट शब्दाची अक्षरे पाडील अशी अनेकांची अपेक्षा असते. प्रत्यक्षात सबंध शब्द एकाच घरात जसाच्या तसा परत येतो. आणि 'वऱ्हाड' हाच शब्द घ्या. त्यातील ऱ स्वतंत्र संकेताने लिहिता येतो, र व नुक्ता मिळून लिहिता येतो, अथवा साध्या र् नंतर एक अदृश्य जोडचिन्ह घालूनही तीच आकृती मिळते. पहिल्या रीतीने शब्दाची लांबी ६ भरते, इतर दोहोंनी ७. कागदावर तिन्ही एकच. फिल्टरच्या नेहमीच्या तुलनेत मात्र ते तीन वेगळे शब्द आहेत. तीन विद्यार्थ्यांनी तीन कळफलकांवरून टंकलेली सामग्री एकत्र करण्यापूर्वी हे एकरूप करून घेतले नाही, तर बोलीत नसलेला भेद तक्त्यात दिसू लागतो.

रांग वाढविण्याची आज्ञा रीडिम ही होय. तीत प्रिझर्व्ह हा शब्द घातला नाही तर आधीचा मजकूर पुसला जातो. दोन परिमाणांच्या रांगेत प्रिझर्व्हसह केवळ शेवटचे परिमाण वाढविता येते. म्हणून निवेदकांची संख्या वाढत जाणार असेल तर निवेदक हे शेवटचे परिमाण ठेवावे व शब्द पहिले.

तपासणीची अट आता आम्ही बदलली आहे. केवळ घरांची एकूण संख्या न पाहता प्रत्येक शब्दाबरोबर त्याचा क्रमांक टिपला जातो, आणि स्प्लिटनंतर मॅक्रो घराचा क्रमांक व टिपलेला क्रमांक ताडून पाहतो. शून्याच्या गणनेमुळे त्यांत एकाचा फरक असावा लागतो, अधिक वा उणा असल्यास मॅक्रो तेथेच थांबतो. जुन्या सर्व ओळी या रीतीने पुन्हा तपासल्या असता आणखी दोन निवेदकांच्या ओळी सरकलेल्या आढळल्या. विद्यार्थिनी त्या वृद्ध गृहस्थांकडे यादी घेऊन पुन्हा गेली. ३५ व्या घरात आता 'डोया' व 'डोळा' दोन्ही आहेत, ज्या क्रमाने ते उच्चारले गेले त्याच क्रमाने. ५७ वे घर रिकामे आहे.