नवीन नोंदीचा आयडी डेटाबेसकडून परत कसा घ्यायचा?

तुम्ही ॲपवरून जेवण मागवता आणि क्षणात स्क्रीनवर ऑर्डर नंबर येतो, समजा 5012. बऱ्याचदा हा नंबर ॲप ठरवत नाही. ऑर्डरची ओळ टेबलमध्ये इन्सर्ट होताना डेटाबेसच पुढचा आकडा लावतो. मायएसक्यूएलमध्ये याला ऑटो-इन्क्रिमेंट म्हणतात.

खरी अडचण पुढे आहे. ऑर्डरमधले पदार्थ वेगळ्या टेबलमध्ये जातात आणि प्रत्येक पदार्थासोबत ऑर्डरचा आयडी लिहावा लागतो. पण तो तर डेटाबेसने आतल्या आत ठरवला! मग आपल्या कोडला कळणार कसा?

नोकरीच्या पहिल्या वर्षी मी सोपा मार्ग काढला: इन्सर्ट झालं की टेबलमधला सगळ्यात मोठा आयडी विचारायचा. माझ्या लॅपटॉपवर सगळं नीट चाललं, कारण ऑर्डर देणारा मी एकटाच होतो. खरी गर्दी सुरू झाली आणि एकाची बिर्याणी दुसऱ्याच्या बिलात दिसायला लागली. एकाची 5012 ची ओळ गेली, आणि कोडने मोठा आयडी विचारेपर्यंत दुसऱ्याची 5013 आलेली होती.

बरोबर पद्धती अशा:

मायएसक्यूएल: 'लास्ट इन्सर्ट आयडी' हे फंक्शन फक्त तुमच्याच कनेक्शनवरचा आयडी देतं. म्हणून इन्सर्ट केलेल्या त्याच कनेक्शनवर विचारा. एका इन्सर्टमध्ये अनेक ओळी टाकल्या, तर पहिल्या ओळीचा आयडी मिळतो.

पोस्टग्रेएसक्यूएल: इन्सर्टच्या शेवटी 'रिटर्निंग आयडी' लिहा. वेगळी क्वेरीच लागत नाही. एसक्यूलाइटमध्येही 2021 च्या 3.35 आवृत्तीपासून ही सोय आहे.

जावा: स्टेटमेंट बनवताना 'रिटर्न जनरेटेड कीज' सांगा, मग 'गेट जनरेटेड कीज'मधून आयडी वाचा.

अँड्रॉइड: फोनमधल्या एसक्यूलाइटसाठी रूम लायब्ररी वापरत असाल, तर इन्सर्टच्या फंक्शनचा रिटर्न टाइप लाँग ठेवा. प्रायमरी की इंटिजर असेल तर तोच नवा आयडी.

आणखी एक. ट्रान्झॅक्शन रोलबॅक झालं तरी मायएसक्यूएल किंवा पोस्टग्रेएसक्यूएलमध्ये वापरलेला आकडा सहसा परत येत नाही. त्यामुळे 5013 नंतर थेट 5015 दिसला तर घाबरू नका.

स्वतः करून बघायचंय? मायएसक्यूएलच्या दोन विंडो उघडा. पहिलीत एक ओळ टाका, मग दुसरीत एक. आता पहिलीत येऊन दोन्ही प्रकारे आयडी विचारा. माझा बग तुम्हाला समोरच दिसेल.